केस राठ झालेत? शॉवर फिल्टर घ्यायच्या आधी नळाला कुठलं पाणी येतंय ते बघा

ठाण्यातच नौपाड्यातून घोडबंदरला कासारवडवलीत राहायला आलो आणि दुसऱ्याच महिन्यात माझे केस इतके राठ झाले की कंगवा मध्येच अडकायचा. शाम्पू तोच, तेल तेच. लेकीच्या कोपराच्या आतल्या बाजूला खाज सुटायची, ती रात्री झोपेत खाजवत बसायची. आणि बाथरूमची निळी बादली, तिला आतून पांढरं कडं धरलेलं, नखाने खरवडलं की खडूसारखी भुकटी निघायची. बिल्डिंगमधल्या बायकांना विचारलं तर प्रत्येकीचा उपाय वेगळा, शेवटी एकीच्या सांगण्यावरून मी शॉवर फिल्टर लावला, तीन महिने वापरला, बादलीचं कडं होतं तसंच आणि केसही होते तसेच. तेव्हा मी नीट माहिती काढायला लागले, आणि जे कळलं ते इथे लिहितेय कारण आपल्याकडे बरेच जण हाच खर्च करून बसतात.

पहिली गोष्ट, ठाण्याचं पाणी वाईट किंवा नवी मुंबईचं पाणी चांगलं असं सरसकट बोलून उपयोग नाही. पालिकेचं पाणी दोन्हीकडे धरणा-नदीचंच आहे. ठाण्याला भातसा नदीवर पिसे इथून उचललेलं येतं, काही भागांना स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं, काहींना एमआयडीसीचं बारवी धरणाचं. नवी मुंबई महापालिकेचं मोरबे धरणाचं. हे सगळं सह्याद्रीवर पडलेलं पावसाचं पाणी, जमिनीत फारसं न मुरलेलं, त्यामुळे त्यात क्षार कमी असतात. खरा फरक पडतो तो बोअरवेल आणि टँकरने. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खडकातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, खाडीच्या जवळ असेल तर वर मिठाचा खारटपणा पण. शाळेत दुष्फेन पाणी शिकलो होतो ना, ज्याला फेस येत नाही, तेच हे, कठीण पाणी. आणि आमच्यासारख्या ठिकाणी जिथे उन्हाळ्यात पाणी कमी पडतं तिथे एकाच अंडरग्राउंड टाकीत पालिकेचं, टँकरचं, बोअरचं सगळं एकत्र पडतं, म्हणजे सोमवारी तुम्ही एका पाण्याने केस धुता आणि गुरुवारी दुसऱ्याच.

म्हणून सगळ्यात आधी वॉचमनकाकांना विचारा. टँकर कोणत्या वारी येतो, किती वाजता, कोणत्या टाकीत सोडतात, बोअरचा पंप कधी चालवतात. त्यांच्याकडे वही असते, त्यात सगळं असतं. दुसरं, नवीन बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा फ्लशची लाइन वेगळी असते आणि त्यात बोअरचं पाणी असू शकतं, बाथरूमचं काम करताना प्लंबरने चुकून नळ त्या लाइनला जोडला असं होऊ शकतं. किचनच्या नळाचं आणि बाथरूमच्या नळाचं पाणी दोन ग्लासात घेऊन चव घेतली (गिळू नका, फक्त जिभेला लावा) तरी पुष्कळदा कळतं.

मग टेस्ट. घरच्या घरी करायची तर दोन सारख्या छोट्या बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी, एकीत आरओचं, दोन्हींत साधा अंगाचा साबण किसून सारखाच चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. आरओच्या पाण्यात फेस टिकतो. कठीण पाण्यात फेस कमी आणि वर दह्यासारखी फुटकी साय तरंगते. शाम्पू किंवा बॉडीवॉशने ही टेस्ट करू नका, त्यांना कुठल्याही पाण्यात बऱ्यापैकी फेस येतो.

आकडा हवा असेल तर एक स्वस्त मार्ग सांगते. माशांच्या टाक्या विकणारी दुकानं असतात ना, तिथे जीएच (म्हणजे पाण्याचा कठीणपणा) टेस्ट किट मिळतं, पाण्यात एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं. साधारणपणे एक थेंब म्हणजे एक डिग्री, आणि एक डिग्री म्हणजे लिटरमागे १८ मिलिग्रॅम कठीणपणा, पाकिटावर लिहिलेलं असतं ते एकदा वाचून घ्या. ६० च्या खाली असेल तर पाणी मऊ, १२० च्या वर कठीण, १८० च्या वर फारच कठीण. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० पर्यंत ठीक मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं, म्हणजे पाणी प्यायला नियमात बसत असेल तरी केसांना जड जाऊ शकतं. टँकर आलेल्या दिवशी एकदा आणि न आलेल्या दिवशी एकदा असं दोन्ही मोजा. मी मोजलं तेव्हा पालिकेच्या दिवशी ३ थेंब, टँकरच्या दुसऱ्या दिवशी १७. तिथेच मला उत्तर मिळालं. आरओवाल्याकडे ते टीडीएसचं पेन असतं, त्यावर फार विसंबू नका, ते सगळे क्षार एकत्र मोजतं, साधं मीठ पण त्यात येतं, साबण फाडणारे क्षार किती ते त्यातून कळत नाही.

आता हे पाणी नेमकं करतं काय. साबणातली आम्लं कॅल्शियमला धरून न विरघळणारा चिकट थर बनवतात, तोच टाइल्सवर दिसतो, तोच अंगावर आणि केसांवर राहतो. शिवाय केसांचा पृष्ठभाग स्वतःच कॅल्शियम पकडून ठेवतो, रंगवलेले किंवा स्ट्रेट केलेले केस जास्तच पकडतात, म्हणून ते कोरडे, निस्तेज, गुंता होणारे होतात. पण मुळापासून केस गळणं हे वेगळं प्रकरण आहे. गळलेला केस हातात घेऊन उजेडात बघा. टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळातून आलाय, त्याचं कारण शरीरात शोधायचं, डेंग्यू-टायफॉइडसारखा ताप येऊन किंवा बाळंतपण होऊन दोन-तीन महिने झालेत का, हिमोग्लोबिन, थायरॉइड, एकदम केलेलं डाएट. गाठ नाही आणि आखूड तुकडे पडतायत तर केस तुटतायत, तिथे पाण्याचा हात असू शकतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे हे पण लक्षात ठेवा, नाहीतर उगाच घाबरतो आपण.

उपायांत माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पडला तो शेवटच्या पाण्याने. केस नेहमीसारखे नळाच्या पाण्याने धुवायचे, आणि शेवटी दीड-दोन लिटर आरओचं पाणी हळूहळू मुळापासून टोकापर्यंत ओतायचं. बस. आठवड्यातून दोनदा केस धुतले तर चार लिटर पाणी लागतं, ते परवडतं. मात्र आरओच्या बारक्या पाइपातून जे वेस्ट पाणी निघतं, जे आपण फरशी पुसायला साठवतो, ते केसांना अजिबात घेऊ नका, त्यात क्षार अजून वाढलेले असतात.

पंधरा दिवसांतून एकदा असा शाम्पू वापरा ज्याच्या मागे डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए लिहिलंय आणि नाव क्लॅरिफायिंग किंवा चिलेटिंग आहे, ते साठलेलं कॅल्शियम सोडवून काढतं, त्यानंतर कंडिशनर लावायचाच. नाहीतर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर, ते केसांच्या लांबीवर ओतून दोन मिनिटांनी धुवायचं. डोक्यात जखम, पुरळ असेल तर नको. लिंबू पिळून उन्हात जाऊ नका, त्वचेवर काळे डाग, फोड येऊ शकतात.

आणि आपलं रिठा-शिकेकाई. माझ्या सासूबाई आयुष्यभर विहिरीच्या पाण्याने न्हायल्या आणि केस कमरेपर्यंत, त्याचं एक कारण मला आता समजतं, रिठ्याचा फेस साबणासारखा कॅल्शियमला धरून साका बनवत नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नका एवढंच. धुण्याआधी तासभर खोबरेल तेल लावायचं तेही खरंच कामाचं आहे, मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की खोबरेल केसांत शिरतं आणि धुताना जाणारं प्रोटीन कमी करतं.

त्वचेसाठी साबणाची वडी बदलणं जास्त महत्त्वाचं. साध्या साबणाचा पीएच ९-१० असतो, आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास, त्यात कठीण पाणी असलं की तो नीट धुतला जात नाही. सिंडेट बार घ्या, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी, केमिस्टकडे मिळते, लहान मुलांसाठी तर नक्कीच. पाणी कोमट ठेवा, गिझर फुल करून कढत पाणी अंगावर घेतलं की आहे तेही तेल निघून जातं. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. लेकीची खाज यानेच आटोक्यात आली, तीन आठवडे लागले. एक्झिमा असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) लावून बरं होईल या आशेवर थांबू नका, इंग्लंडमध्ये ३३६ एक्झिमावाल्या मुलांवर याचा अभ्यास २०११ मध्ये छापून आला, त्यात घरात सॉफ्टनर बसवून नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

शॉवर फिल्टरचं सांगते. त्यात कार्बन किंवा केडीएफ (तांबं-जस्ताचे कण) असतं, ते क्लोरीन काही प्रमाणात कमी करतं, कठीणपणा नाही. तुमच्याकडे पावसाळ्यात ब्लीचिंग पावडरचा वास येतो आणि त्याने डोळे-त्वचा चुरचुरते तर घ्या, पण बादली काही वेळ उघडी भरून ठेवली तरी वास थोडाफार उतरतो. कठीणपणा काढायला रेझिनचा सॉफ्टनर लागतो, जो कॅल्शियम धरून सोडियम सोडतो आणि ज्यात ठराविक दिवसांनी मीठ घालून रेझिन पुन्हा ताजं करावं लागतं. ते मीठ घालायचं विसरलात तर सॉफ्टनर असून नसल्यासारखा. विकणारा जर म्हणाला की आमच्यात मीठबीठ काही लागत नाही, तर लावायच्या आधीचं आणि नंतरचं पाणी त्याच्यासमोर जीएच किटने मोजा. तुरटी फिरवून पण कठीणपणा जात नाही, ती फक्त गढूळपणा खाली बसवते.

शॉवरची भोकं बुजली असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती रात्रभर शॉवरला बांधून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा.

आमच्याकडे शेवटी काय केलं, तर मी थेंबांचे आकडे तारखेसकट कागदावर लिहून सोसायटीच्या मीटिंगला नेले. दोन्ही बाटल्या पण नेल्या, फेसाच्या. सेक्रेटरींनी स्वतः हलवून बघितल्या. वादावादी झाली थोडी, पण ठरलं की बोअरचं पाणी फक्त फ्लशच्या टाकीत जाईल आणि टँकर घेताना आधी एक बाटली भरून किटने मोजायची, १० थेंबांच्या वर गेला तर तो फ्लशला. पाइपाचं काम दोन दिवसांत झालं. बादली मी व्हिनेगरने घासून ठेवली होती, आता चार महिने झाले, कडं परत धरलेलं नाही.