बापाची दारू, पोराचा मेंदू: या संशोधनात येणाऱ्यांसाठी

नाशिकला गंगापूर रोडवरच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकून मी मेंदूच्या स्कॅनच्या संशोधनात आले. गावी गेले की एकच प्रश्न येतो: बापाची दारू पोरात उतरते का?

उत्तर नीट देता येणं ही पहिली पायरी. जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांनुसार दारूच्या व्यसनाची आनुवंशिकता साधारण ५० टक्के आहे. म्हणजे पोराला व्यसन लागायची शक्यता निम्मी, असं नव्हे. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा जनुकांमुळे, एवढंच. त्यातही अल्कोहोल पचवणाऱ्या एडीएच१बी, एएलडीएच२ अशा मोजक्या जनुकांचाच परिणाम ठळक. उरलेला असंख्य बारीक फरकांत विखुरलेला असतो.

आता मेंदू. दारू पिणाऱ्या किशोरांचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, काही भागांत पातळ दिसला की दोष सरळ दारूवर टाकला जायचा. अमेरिकेतल्या एबीसीडी अभ्यासात ९-१० वर्षांची सुमारे ११,८०० मुलं घेतली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. त्यातल्या जवळपास ९,८०० मुलांवरचा निबंध डिसेंबर २०२४ मध्ये आला. ज्यांनी पुढे पंधराच्या आत दारू, तंबाखू किंवा गांजा सुरू केला, त्यांच्या मेंदूतले बरेच फरक त्याआधीच होते! पण म्हणून दारू निरुपद्रवी ठरत नाही. भरपूर पिणाऱ्या किशोरांत मेंदूच्या पुढच्या भागातलं करडं द्रव्य (चेतापेशींनी भरलेला भाग) जास्त वेगानं घटतं, हेही पाठपुराव्यात दिसलं आहे. आधीचं किती आणि दारूनं केलेलं किती, हे वेगळं काढणं हाच आपला खरा प्रश्न. त्यासाठी भावंडांची तुलना मला सगळ्यात भरवशाची वाटते: घर एक, जनुकं बरीचशी सारखी, पण एक पितो आणि दुसरा नाही.

एका गोष्टीवर मी हट्टानं वेळ घालवते. मूल स्कॅनरमध्ये हललं की कॉर्टेक्स खोटाच पातळ मोजला जातो. चंचल मुलं जास्त हलतात, आणि चंचलपणाचा व्यसनाच्या धोक्याशी संबंध आहेच. म्हणजे निव्वळ हालचालीतून छान दिसणारा निष्कर्ष उभा राहू शकतो. सॉफ्टवेअरनं दिलेले आकडे घेण्याआधी चित्रं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

तयारीसाठी लिनक्स, आर ही आकडेमोडीची संगणकभाषा आणि भरपूर संख्याशास्त्र. स्कॅनवरून कॉर्टेक्स मोजणारं फ्रीसर्फर आणि जनुकीय माहिती तपासणारं प्लिंक ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. साध्या लॅपटॉपवर एका मेंदूच्या स्कॅनला फ्रीसर्फरमध्ये काही तास लागतात, पण शिकायला तेवढं पुरतं.

जनुकीय जोखमीचे गुणांक, म्हणजे असे बारीक जनुकीय फरक एकत्र करून धोक्याचा अंदाज देणारे आकडे, मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. आपल्या मुलांना ते जसेच्या तसे लावू नका, आणि कुणा पालकानं तशी तपासणी मागितली तर स्पष्ट नाही म्हणा. भारतीय मुलांवरचं काम हवं असेल तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतला सीवेदा प्रकल्प बघा. त्यात ६ ते २३ वयोगट आहे आणि व्यसनाच्या धोक्याचाच अभ्यास आहे. अर्ज करण्याआधी त्यांचे निबंध वाचून काढा.