सिम्युलेशनची अवाढव्य ट्रॅजेक्टरी विश्लेषणासाठी कशी तयार करावी

पाण्यातील प्रथिनाच्या अणूंच्या हालचालीचे संगणकीय सिम्युलेशन एक मायक्रोसेकंद चालवून दर १० पिकोसेकंदांनी फ्रेम, म्हणजे त्या क्षणीची अणूंची स्थाने, साठवली, तर १ लाख फ्रेम जमतात; या फ्रेमच्या मालिकेलाच ट्रॅजेक्टरी म्हणतात. पाण्यासह १ लाख अणू असतील, तर एका फ्रेमच्या सहनिर्देशकांना १.२ मेगाबाइट आणि सगळ्या फ्रेमना मिळून १२० गिगाबाइट मेमरी लागते; ट्रॅजेक्टरी साठवणारी एक्सटीसी फाइल संकुचित असल्यामुळे डिस्कवरचा आकार पाहून याचा अंदाज येत नाही. म्हणून कोणते अणू ठेवायचे, हे आधी ठरवावे.

प्रश्न केवळ प्रथिनाच्या हालचालीचा असेल, तर ग्रोमॅक्स या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधील ट्रजकॉन्व्ह ही आज्ञा वापरून पाणी वगळावे. प्रथिनात ५,००० अणू असल्यास तेवढ्याच फ्रेम ६ गिगाबाइटमध्ये मावतात. टोपोलॉजीही (कोणते अणू आहेत आणि ते कसे जोडलेले आहेत याची फाइल) कन्व्हर्ट-टीपीआर या आज्ञेने तशीच छाटावी, कारण दोन्हींतील अणूंची संख्या जुळलीच पाहिजे. मूळ ट्रॅजेक्टरी मात्र पुसू नये; पाण्याशी होणाऱ्या हायड्रोजन बंधांचा प्रश्न बहुधा नंतरच सुचतो.

यापुढे आवर्ती सीमांची (पेटीच्या एका बाजूने बाहेर गेलेला अणू दुसऱ्या बाजूने आत येतो, या व्यवस्थेची) दुरुस्ती करावी, आणि येथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी तुटलेले रेणू अखंड करावेत, मग पेटीच्या एका बाजूने बाहेर पडून दुसऱ्या बाजूने आत येण्यामुळे दिसणाऱ्या उड्या काढाव्यात, आणि रचना फिरवून संदर्भरचनेवर बसवण्याचे काम सर्वांत शेवटी करावे. कारण रचना एकदा फिरवली की तिचा पेटीच्या अक्षांशी मेळ राहत नाही आणि सीमांची दुरुस्ती करता येत नाही. दुरुस्ती राहून गेली, तर आरएमएसडीच्या, म्हणजे संदर्भरचनेपासून अणू सरासरी किती दूर सरकले याच्या, आलेखात एकाएकी मोठी उडी दिसते आणि प्रथिन उलगडले असा समज होऊ शकतो. फ्रेम विरळ करायच्या असतील, तर त्याही उड्या काढल्यानंतरच कराव्यात.

पायथनमधील एमडीअॅनालिसिस ही लायब्ररी डिस्कवरून एकेक फ्रेम वाचते, म्हणून साध्या लॅपटॉपवरही काम होते. फाइल प्रथम उघडताना वेळ लागतो, कारण प्रत्येक फ्रेमचे स्थान नोंदवले जाते. पुढच्या वेळी तीच नोंद वापरली जाते. एमडीट्राज या दुसऱ्या पायथन लायब्ररीत ‘लोड’ सगळी फाइल मेमरीत घेते, तेव्हा तेथे ‘इटरलोड’ने तुकड्यातुकड्यांनी वाचावे. एमडीट्राज अंतरे नॅनोमीटरमध्ये आणि एमडीअॅनालिसिस अँगस्ट्रॉममध्ये देते, हेही ध्यानात ठेवावे.

सरासरीसोबत त्रुटी देताना १ लाख फ्रेम म्हणजे १ लाख स्वतंत्र नमुने असे धरू नये. लागोपाठच्या फ्रेम एकमेकींशी सहसंबंधित असतात. त्यामुळे ट्रॅजेक्टरीचे गट पाडून प्रत्येक गटाची सरासरी काढावी आणि त्रुटीचा अंदाज स्थिरावेपर्यंत गटाची लांबी वाढवत न्यावी. तो स्थिरावतच नसेल, तर सिम्युलेशन आणखी चालवणे भाग आहे.