डॅलसच्या चिपला नवा सेल

जुना 386 किंवा 486 कॉम्प्युटर चालू करताच 'सीमॉस चेकसम एरर' (जपून ठेवलेल्या सेटिंग बिघडल्याची सूचना) येतो, तारीख 1980 ची दिसते, हार्ड डिस्कचे आकडे रोज नव्याने भरावे लागतात? मग घड्याळाचा सेल संपलाय. बऱ्याच बोर्डांवर तो वेगळा दिसत नाही. त्याऐवजी 'डॅलस' लिहिलेला जाड काळा ठोकळा दिसेल, ही घड्याळाची चिप: डीएस1287 नाहीतर डीएस12887. लिथियम सेल आणि क्रिस्टल (घड्याळाला ठोका देणारा भाग) त्याच्या पोटातच इपॉक्सीत, म्हणजे कडक रेझिनमध्ये, ओतलेले असतात.

ऑनलाइन 'नवीन' म्हणून मिळणाऱ्या चिपच्या नादी मी लागत नाही. अंगावरचा 9432 सारखा आकडा वाचा: 1994 सालचा बत्तिसावा आठवडा! म्हणजे आतला सेल तुमच्या सेलइतकाच म्हातारा.

बायॉसच्या सेटअपमध्ये (चालू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर दिसत असतील तर आधी कागदावर उतरवा. चिप सॉकेटमध्ये असली तर हळूहळू दोन्ही टोकांनी उचला. थेट सोल्डर केलेली असली तर काढून तिथे 24 पायांचं रुंद सॉकेट बसवा. बोर्डावर असतानाच घासायला जाऊ नका, भुकटी सगळीकडे जाते.

आता खरं काम. पाय खाली, पहिल्या पायाकडची खूण डावीकडे धरा. तुमच्यापासून दूरच्या रांगेत डावीकडून 24, 23, 22 असं मोजत चला. काही पाय गायब आहेत, पण त्यांची रिकामी जागाही मोजायची. पाचवी जागा 20 नंबरची, म्हणजे सेलचा प्लस. नववी 16 नंबरची, म्हणजे मायनस. हे दोन पाय खाली न येता इपॉक्सीतून वर सेलकडे वळलेले असतात. मास्क लावून त्या दोन जागी बाजूने बारीक कानशीने घासा. काळ्यात धातूची चकाकी दिसली की थांबा. अजून थोडं वर घासून सेलकडे जाणारी पट्टी पूर्ण तोडा, नाहीतर मेलेला सेल नव्यालाही ओढून रिकामा करेल. समोरच्या रांगेतल्या 2 आणि 3 नंबरच्या जागांकडे फिरकायचं नाही, तिथे क्रिस्टल आहे.

खालच्या तुकड्यांना फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावून पातळ वायरी सोल्डर करा. सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं पुरे. वायरींच्या दुसऱ्या टोकाला सीआर2032 या बटण सेलचा होल्डर. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. डायोड नको, उलट चार्जिंग चिप स्वतःच अडवते. होल्डर चिपच्या डोक्यावर चिकटवला तर आयएसए कार्ड (बोर्डाच्या खाचेत बसणारं जोडकार्ड) अडतं, म्हणून मी वायर लांब ठेवून तो केसच्या कडेला लावतो.

सेल घाला आणि मल्टीमीटरने 20 आणि 16 मध्ये साधारण 3 व्होल्ट येतात का बघा. मगच चिप बसवा. सेटअपमध्ये तारीख-वेळ आणि डिस्कचे आकडे भरून सेव्ह करा. रात्रभर प्लग काढून ठेवा. सकाळी वेळ बरोबर असली, तर होल्डरवर मार्करने महिना आणि साल लिहून केस बंद करा.