मुंबई ते लंडन किती लांब? दोरा घ्या आणि मोजा

मुलीकडे लंडनला जायचं ठरलं तेव्हा माझ्या पत्नीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घर सोडल्यापासून मुलीच्या घरी पोचेपर्यंत एकूण तास किती?" हिला इन्सुलिन चालू आहे. तिकिटावर निघायची आणि पोचायची वेळ होती, पण तासांचं उत्तर त्यात सरळ मिळत नाही. सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला मी, कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. त्यावरची सरळ रेघ इराकवरून जाते आणि ती फसवी असते. पृथ्वी गोल आहे, म्हणून गोलावरच दोरा ताणायचा. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर, मधे ढील नको. दोरा इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेन असा बराच उत्तरेकडून जातो. हाच सगळ्यात जवळचा मार्ग. माझा गोल 30 सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे परीघ साधारण 94 सेंटीमीटर. पृथ्वीचा परीघ 40,000 किलोमीटर, तेव्हा एका सेंटीमीटरला 425 किलोमीटर. दोरा भरला 17 सेंटीमीटर. झाले सुमारे 7,200 किलोमीटर.

आता वेळ. मोठं विमान वरच्या उंचीवर ताशी 850 ते 900 किलोमीटर जातं. 850 धरून साडेआठ तास येतात, त्यात चढ-उताराचा अर्धा तास मिळवा. पण हे नऊ तास दोऱ्याचे झाले. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे वळसा पडतो. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे जेट वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून जायला दहा तास धरा, यायला नऊ.

तिकिटावरून ताळा करून बघाच. समजा, हिवाळ्यात मुंबईहून दुपारी 1 ला निघून लंडनला संध्याकाळी साडेपाचला पोचायचंय. घड्याळात साडेचारच तास दिसतात. लंडन आपल्या साडेपाच तास मागे, ते मिळवले की दहा. परतताना तेवढेच वजा करायचे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचार तासांचाच धरायचा. इथे भले भले चुकतात. माझ्या मेहुण्यांनी उन्हाळ्यात मुंबईला परतताना साडेपाच धरले आणि लेक विमानतळावर यायच्या आधी तासभर ते बाकावर बसून राहिले.

डॉक्टरांना हवा होता तो आकडा याहून मोठा निघाला. साताऱ्याहून मुंबई विमानतळ साडेपाच तास, तिथे तीन तास आधी हजर, विमानात दहा, उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, सामान आणि मुलीचं घर मिळून अडीच. एकूण एकवीस. मी कागदावर तासांची पट्टी आखली, जेवणाच्या जागा मोकळ्या सोडल्या आणि डॉक्टरांसमोर ठेवली. डोस त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात भरले. ते प्रत्येकाचं वेगळं असतं, अंदाजाने करू नका.

हिने मनगटावरचं घड्याळ मुलीच्या घरी पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवलं होतं. कागद आणि घड्याळ, दोन्ही जुळत गेले.