परदेशात रात्री ताऱ्यांवरून दिशा कशी ओळखावी

नव्या देशात पोहोचलात की आधी तिथला अक्षांश पाहून ठेवा. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, जवळपास तितकाच त्या जागेचा अक्षांश असतो. ओस्लोत तो 60 अंशांवर, कैरोत 30 अंशांवर. सिंगापूरमध्ये तो क्षितिजाला इतका टेकलेला असतो की दिसणं जवळजवळ अशक्यच. विषुववृत्ताच्या बरंच दक्षिणेला असाल तर त्याला शोधूच नका.

अंश मोजायला हात पुरतो. हात समोर सरळ ताणून मूठ वळली की ती सुमारे 10 अंश झाकते, मधली तीन बोटं मिळून 5 अंश. कैरोत क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, अशा तीन मुठी चढवल्या की ध्रुव तिथेच हवा.

दिव्यांपासून दूर उभे राहा आणि मोबाइल खिशात टाका. डोळे अंधाराला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि एकदा उजळ स्क्रीन पाहिली की ती मेहनत वाया जाते.

उत्तर गोलार्धात सप्तर्षी शोधा. चौकोनात शेपटीपासून लांबच्या बाजूला पुलह आणि क्रतू हे दोन तारे आहेत. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढा आणि त्या दोघांमधल्या अंतराच्या पाचपट पुढे जा. तिथे एकटा, मध्यम तेजाचा तारा दिसेल, तोच ध्रुव. तो आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा असतो असं अनेकांना वाटतं, आणि मग भलत्याच ताऱ्यामागे चालत राहतात. सप्तर्षी क्षितिजाखाली असतील तर ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एम किंवा डब्ल्यू वर आलेला असतो. ध्रुव साधारण त्या दोघांच्या मधोमध. ध्रुवापासून नजर सरळ खाली क्षितिजावर आणा आणि तिथलं झाड किंवा मनोरा लक्षात ठेवा. ही खरी उत्तर, चूक बहुतेक ठिकाणी एका अंशाच्या आतली. होकायंत्राची सुई अनेक ठिकाणी याहून जास्त कललेली असते.

दक्षिण गोलार्धात ध्रुवाजागी ठळक ताराच नाही, म्हणून काम थोडं जिकिरीचं. इथे त्रिशंकू हवा, म्हणजे क्रूसाच्या आकाराचा छोटा तारकासमूह. त्याच्यासारखाच दिसणारा एक खोटा क्रूसही जवळपास असतो, पण तो मोठा आणि फिकट आहे. खऱ्या त्रिशंकूशेजारी मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे असतात. ते दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, मी याबाबतीत अजिबात तडजोड करणार नाही. मग त्रिशंकूच्या लांब दांड्याची रेघ पायाच्या ताऱ्याच्या पुढे साडेचारपट वाढवा. तिथे रिकामं आकाश असेल, तरी तोच दक्षिण ध्रुवबिंदू. तिथून सरळ खाली क्षितिजावर या, ती दक्षिण.

डिसेंबर ते मार्चच्या संध्याकाळी मृग दोन्ही गोलार्धांत मदतीला येतो. त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी जो सर्वांत आधी उगवतो, तो खगोलीय विषुववृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेला, जवळजवळ चिकटून आहे. त्यामुळे प्रवासात कुठेही असा, तो अगदी पूर्वेला उगवतो आणि अगदी पश्चिमेला मावळतो. दक्षिणेत मृग उलटा दिसतो, तेवढं फक्त गोंधळू नका.

आणि ढगांच्या फटीतून एकच अनोळखी तारा दिसत असेल तर? छपराच्या कोपऱ्याशी किंवा खांबाच्या टोकाशी तो जुळेल असे उभे राहा आणि डोकं न हलवता 20 मिनिटं थांबा. तेवढ्यात बहुतेक तारे तीन बोटांपर्यंत सरकतात. वर चढला तर तुमचं तोंड पूर्वेकडे, खाली उतरला तर पश्चिमेकडे. डावीकडून उजवीकडे गेला तर दक्षिणेकडे, उजवीकडून डावीकडे गेला तर उत्तरेकडे. ध्रुवबिंदूच्या खालचे तारे मात्र उलटे सरकतात, म्हणून दुसरी फट मिळताच वेगळ्या बाजूचा तारा पाहून निष्कर्ष ताडून घ्या.