सिम्युलेटरवर पी-३८ लाइटनिंग कसं उडवायचं: टेकऑफपासून डाइव्हपर्यंत

टेकऑफ सोपा वाटला म्हणून बरेचजण पी-३८ (दुसऱ्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं अमेरिकन लढाऊ विमान) घेऊन बिनधास्त वर जातात आणि पहिल्याच डाइव्हमध्ये, म्हणजे नाक खाली करून सूर मारताना, सरळ जमिनीत घुसतात, म्हणून क्रमाने सांगतो.

टेकऑफला दोन्ही थ्रॉटल एकत्र पुढे न्या, बस. लॉकहीडने यातली दोन ॲलिसन इंजिनं एकमेकांच्या उलट फिरणारी ठेवली, त्यामुळे एकाचा टॉर्क (फिरण्यामुळे विमानाला बसणारा पीळ) दुसरं मारतं आणि विमान सरळ धावतं. मॉस्किटो या ब्रिटिश दोन इंजिनांच्या विमानाची सवय असेल तर ती विसरा, तिथे दोन्ही मर्लिन इंजिनं एकाच दिशेने फिरतात, विमान डावीकडे ओढतं आणि डावा थ्रॉटल जरा पुढे ठेवावा लागतो.

उडताच एक इंजिन गेलं तर घाबरून चालू इंजिनाला फुल पॉवर देऊ नका, कमी स्पीडला तेच विमान उलटं करतं! आधी चालू इंजिनाचा थ्रॉटल थोडा मागे, रडरने (शेपटीच्या उभ्या सुकाणूने) नाक सरळ, मग बंद इंजिनाचा प्रॉपेलर फेदर (पाती हवेला कमीत कमी अडतील अशी वळवणं), आणि त्यानंतरच हळूहळू पॉवर.

आता डाइव्ह, खरा धोका इथेच आहे. उंचावरून खाली सुटलात की साधारण ०.६८ माखला (आवाजाच्या वेगाच्या ६८ टक्क्यांना) पंखावरची हवा काही ठिकाणी आवाजाच्या वेगाला पोचते, लिफ्ट (पंखांची उचल) कमी होते, शेपटीवर येणारा हवेचा झोत बदलतो आणि नाक आणखी खाली जातं, योक (विमानाचं स्टिअरिंग) कितीही ओढा, हलतच नाही. नोव्हेंबर १९४१ मध्ये याच प्रश्नावर चाचण्या चालू असताना शेपूट तुटून टेस्ट पायलट राल्फ व्हर्डेन गेले, इतकं ते गंभीर होतं.

अडकलात तर थ्रॉटल मागे घ्या आणि खालच्या दाट, उबदार हवेत येईपर्यंत थांबा. ट्रिम (नाकाचा वर-खाली कल ठरवणारं चाक) भसाभस मागे फिरवू नका, कारण खाली आल्यावर कंट्रोल एकदम परत येतो आणि त्या झटक्यात विमान तुटू शकतं.

पी-३८जे-२५ किंवा त्यानंतरचं मॉडेल असेल तर पंखाखाली डाइव्ह फ्लॅप आहेत. ते ब्रेक नाहीत, स्पीड फारसा कमी करत नाहीत, फक्त पंखाखालचा दाब बदलून नाक वर आणायला मदत करतात, म्हणून डाइव्ह सुरू करतानाच उघडा, अडकल्यावर नाही. त्याआधीचं मॉडेल असेल तर फार उंचावरून उभा डाइव्ह मारूच नका, समोरचं मेसरश्मिट हे जर्मन लढाऊ विमान खाली पळालं तर पळू द्या.