मॅसी ३५ चा मागचा एक्सल गळतोय? सीलच्या आधी कॉलर बघा

मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाने तेल ओघळू लागलं की लोक दुकानातून दोन ऑइल सील (तेल अडवणाऱ्या कड्या) आणतात, ठोकून बसवतात, आणि हंगाम संपायच्या आत तेल पुन्हा ब्रेकवर. सील बिचारं काय करणार? बेरिंग ढिलं असेल तर एक्सल हलतो, आणि कॉलरवर, म्हणजे एक्सलवर बेरिंग धरून ठेवणाऱ्या कडीवर, चर पडली असेल तर नवीन सीलचं ओठसुद्धा त्याच चरीत जाऊन बसतं.

कव्हेंट्रीत १९५६ पासून बनू लागलेल्या या गाडीत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक, तिघांचं तेल एकच. तेल ताकासारखं पांढरं झालं असेल तर पाणी शिरलंय, सगळं काढून टाका. चांगलं असेल तर सांडायची गरज नाही. ज्या बाजूचं काम आहे ती बाजू उंच उचला, तेल पलीकडे सरकतं.

उचलण्याआधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो, म्हणून त्याच्या आणि बॉडीच्या मध्ये दोन्हीकडे लाकडी पाचरी मारा. मागे जॅकवर भरवसा नको, हाउसिंगखाली (एक्सलच्या बाहेरच्या लोखंडी आवरणाखाली) घोडीच, म्हणजे पक्का स्टँडच हवा. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर ते आधी सोडा. पाण्याचं चाक एकट्यादुकट्याला आवरत नाही, अंगावर आलं तर पाय जातो.

चाक काढा, ड्रमचे स्क्रू सोडून ड्रम काढा. आतली काळी धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. मग ब्रेकची जोडणी सोडवून बॅकप्लेटचे (ब्रेक ज्यावर बसतो त्या पत्र्याचे) नट काढायचे आणि एक्सल बाहेर ओढायचा. अडला तर ड्रम उलटा करून चाकाच्या बोल्टवर सैल नटांनी अडकवा आणि झटके द्या, तोच ओढायचा हातोडा होतो. प्लेटमागच्या शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) वायरमध्ये ओवून त्याच बाजूला टांगा. दोन्ही एक्सलचा आतबाहेर खेळ या शिमवर ठरतो, त्यामुळे डावं-उजवं मिसळलं की मोजमाप गेलं.

आता खरं काम. कॉलर ही एक्सलवर तापवून बसवलेली कडी. बेरिंग तिने धरलंय आणि चाकही तिच्याच जिवावर आहे. बोटाचं नख फिरवा, चरीत अडकलं तर कॉलर बाद. बेरिंग हाताने फिरवून खरखर लागली तर तेही बाद. कॉलर काढायला ग्राइंडरने जवळजवळ आरपार घासा, शेवटचा पापुद्रा छिन्नीने फोडा. ग्राइंडर एक्सलला लागता कामा नये. नवी कॉलर प्रेस असलेल्या लेथवाल्याकडूनच बसवा. वेल्डिंगचे टाके मारून देतो म्हणणारा भेटेल, त्याला नमस्कार करून पुढे जा.

आतलं सील हाउसिंगमध्ये, स्प्रिंगची बाजू डिफरन्शियलकडे. बाहेरचं प्लेटमध्ये, जुनं उचकटण्याआधी त्याचं तोंड कुठे होतं याचा मोबाईलवर फोटो घ्या. ओठाला ग्रीस लावा, बेरिंगमध्येही ग्रीस दाबून भरा. एक्सल आत घालताना स्प्लाइनवर (एक्सलच्या टोकाच्या दात्यांवर) पातळ प्लास्टिक गुंडाळा, आतलं सील पार झालं की ते काढून घ्या. नाहीतर दात्यांच्या धारेने नवं सील कापलं जातं आणि कळतं ते चाक चढवल्यावर.

सिलिकॉन (सांधा बंद करायची पेस्ट) पुसट लावा. थापलं तर आतल्या बाजूला सुटलेले तुकडे त्याच तेलातून हायड्रॉलिक पंपाकडे जातात, मग नांगर उचलेना म्हणून गाडीचा दुसराच भाग उघडायची पाळी.

तेलाने भिजलेले ब्रेक लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत वापरणारे आहेत. मी वापरत नाही. दोन्ही बाजूंचे एकदम बदलतो, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते.

शेवटी सपाट जागी उभी करून डिपस्टिकच्या खुणेइतकंच तेल ठेवा. जास्त भरलं तर ते हाउसिंगच्या टोकापर्यंत चढतं. टायरमध्ये पाणी मात्र लगेच भरू नका. आधी चार दिवस रिकामीच चालवून ड्रमखाली हात फिरवून बघा.